साठात चाळीस ओतलं तर? इंजिन ऑइलच्या ग्रेडचं गणित

मावसभावाचा फोन रात्री साडेअकराला आला. तो जर्मनीत, स्टुटगार्टला असतो. तिकडे आठ वाजले होते. न्यूर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर दिवसभर गाडी पळवून घरी निघालेला, आणि वाटेत ऑइलचा पिवळा दिवा लागला. पेट्रोल पंपावर थांबून डिपस्टिक काढली, तर तेल खालच्या खुणेला टेकलेलं.

"दादा, माझ्या गाडीला १०डब्ल्यू-६० लागतं. इथे ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० एवढंच आहे. यातलं काय ओतू? की काहीच नको ओतू?"

गाडी सेकंडहँड बीएमडब्ल्यू एम३, २००० ते २००६ या काळात निघालेल्या पिढीतली. सहा सिलिंडर, ३.२ लिटर, टर्बो नाही, आणि मिनिटाला ८,००० फेऱ्यांपर्यंत जाणारं इंजिन. घर अजून अडीचशे किलोमीटर लांब. त्याला उत्तर मी दोन मिनिटांत दिलं. ते उत्तर का दिलं, हे सांगायला मात्र जरा वेळ लागतो. प्रश्न काही फक्त स्पोर्ट्स कारवाल्यांचा नाही. आपल्याकडे नाक्यावरच्या गॅरेजातही "तीस नाहीये, चाळीस टाकू का?" असं विचारलं जातंच, आणि मालक गोंधळून मान हलवतो.

ग्रेड म्हणजे इयत्ता

लाडवाचा पाक करताना आजी दोन बोटांत थेंब धरून बघायची. एक तार आली की एकतारी, दोन आल्या की दोनतारी. ती मोजत होती पाकाचा दाटपणा. विज्ञानाच्या पुस्तकात याला श्यानता म्हणतात. आपण दाटपणाच म्हणू. आजीला आणखी एक गोष्ट पक्की ठाऊक होती: पाक गरम असताना पळतो, निवला की बसतो. म्हणून तार बघायची ती गॅसवर असताना की उतरवल्यावर, हेही ठरलेलं असायचं.

इंजिन ऑइलचंही तेच. नुसतं "हे तेल दाट आहे" म्हणण्याला अर्थ नाही. किती तापमानाला, ते सांगावं लागतं. अमेरिकेतल्या एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने १९११ मध्ये तेलांची पहिली वर्गवारी केली. आज जे३०० नावाचं मानक चालतं, त्यात गरम बाजू १०० अंश सेल्सिअसला मोजतात. तेल एका बारीक नळीतून स्वतःच्या वजनाने खाली यायला किती वेळ घेतं, ते बघायचं. उत्तर येतं सेंटिस्टोक या एककात. साध्या तापमानाच्या पाण्याचा आकडा साधारण १ असतो. ९.३ पासून १२.५ च्या आत आलं तर ग्रेड ३०. तिथून १६.३ पर्यंत ४०, पुढे २१.९ पर्यंत ५०, आणि त्याच्या वर २६.१ पर्यंत ६०.

म्हणजे तीस, चाळीस, साठ ही मापं नाहीत, इयत्ता आहेत. साठचं तेल तीसच्या दुप्पट दाट असतंच असं नाही, आणि एकाच इयत्तेत काठावर पास झालेलंही असतं नि पहिलं आलेलंही.

आता तो डब्ल्यू. पुष्कळांना तो 'वेट' म्हणजे वजनाचा वाटतो. तो विंटरचा, हिवाळ्याचा आहे. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, तसं कडाक्याच्या थंडीत इंजिन ऑइलही हलायला मागत नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा सांगतो की किती थंडीत स्टार्टर इंजिन फिरवू शकेल आणि पंप तेल ओढू शकेल. ०डब्ल्यूची फिरवण्याची परीक्षा उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला, १५डब्ल्यूची उणे २० ला.

म्हणून "शून्य म्हणजे पाण्यासारखं पातळ, आपल्या उन्हाळ्यात टिकणार नाही" हा समज चुकीचा. ०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० इंजिन तापल्यावर एकाच इयत्तेत बसतात. पोर्शने १९९६ पासून कारखान्यातच मोबिल १ भरायला सुरुवात केली, आणि ९११ मध्ये ०डब्ल्यू-४० वर्षानुवर्षं चाललं. ९११ चं इंजिन काही नाजूक म्हणून ओळखलं जात नाही.

थंडीत पातळ, गरमीत दाट: हे एकाच तेलाला जमतं कसं?

कुरडई आठवा. कोरडी असताना मुठीत मावते, तापलेल्या तेलात पडली की फुलून कढई भरते. मल्टिग्रेड ऑइलमध्ये पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या घातलेल्या असतात, त्या अशाच वागतात. थंडीत आक्रसून बसतात, तेलाच्या वाटेत येत नाहीत. तापमान चढलं की पसरतात आणि पातळ होऊ पाहणाऱ्या तेलाला धरून ठेवतात. तेल गरमीत पातळ होतंच, फक्त जेवढं झालं असतं तेवढं होत नाही.

कुरडई चुरतेही. बेअरिंगच्या फटीतून आणि पंपाच्या दातांतून हजारो वेळा रगडल्या गेल्या की या साखळ्या तुटतात आणि तेल हळूहळू पातळ होत जातं. दहा आणि साठमधलं अंतर मोठं, म्हणून १०डब्ल्यू-६० मध्ये या साखळ्यांवरची भिस्तही मोठी. काही हजार किलोमीटर पळालेलं साठ मोजायला घेतलं तर ते पन्नासात उतरलेलं सापडू शकतं. त्यात थोडं पेट्रोल पिस्टनच्या बाजूने खालच्या, तेल साठतं त्या चेंबरमध्ये झिरपतं, तेही पातळच करतं. कोणीही काहीही न मिसळता.

फट केवढी, तेल केवढं

इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, बेअरिंगला टेकून फिरत नाही, तेलावर तरंगतो. पावसाळ्यात एक्स्प्रेसवेवर साचलेल्या पाण्यावरून जोरात गेलं की टायर रस्ता सोडून पाण्यावर उचलला जातो. रस्त्यावर हा जिवाशी खेळ असतो. बेअरिंगमध्ये नेमकं हेच हवं असतं. मधली फट माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी, आणि जोर पडतो त्या बाजूला तेलाचा थर त्याच्याही कित्येक पट पातळ. ८,००० फेऱ्यांना क्रँक सेकंदाला १३३ वेळा फिरतो. प्रत्येक फेरीत कनेक्टिंग रॉड पिस्टनला वर फेकतो, थांबवतो, खाली ओढतो. हा सगळा मार तो थर झेलतो.

थर टिकवणाऱ्या गोष्टी दोन: वेग आणि दाटपणा. वेग असेल तर पातळ तेलही भार उचलतं. भार आणि उष्णता दोन्ही चढली की दाटपणा कमी पडून चालत नाही. म्हणून जे३०० मध्ये आणखी एक परीक्षा आहे. तेल १५० अंशांना तापवून अगदी अरुंद फटीत जोरात रगडायचं आणि तिथे किती दाटपणा उरतो ते बघायचं. या परीक्षेत तीसला किमान २.९ लागतात, साठला ३.७. मला विचाराल तर ट्रॅकवर जाणाऱ्याने बघायचा आकडा हा.

एम३ च्या या इंजिनाला साठ का, याचं उत्तर इथे आहे. उंच फेऱ्या, लांब स्ट्रोक म्हणजे पिस्टनचा लांब वर-खाली प्रवास, आणि तासन्‌तास तापलेलं तेल. या पिढीतल्या सुरुवातीच्या काही गाड्यांचे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग कंपनीने बोलावून बदलूनही दिले होते, त्यामुळे मालकांचा या जागेवर फार जीव. या गाडीच्या फेऱ्यांच्या मीटरभोवती पिवळसर दिव्यांची रांग आहे. इंजिन थंड असताना वरचे आकडे दिव्यांनी अडवलेले असतात. तेल तापेल तसे ते एकेक करून विझतात आणि गाडी तुम्हाला पुढची मुभा देते. दाट तेल थंड असताना अडचणीचं असतं, हे त्या दिव्यांइतकं सोपं करून मी कुठे पाहिलं नाही.

मिसळल्यावर काय होतं?

पहिली धास्ती घालवू. दूध नासतं तसं ऑइल फाटत नाही. एपीआय या अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेचा परवाना घेणाऱ्या इंजिन ऑइलला ठरावीक संदर्भ तेलांशी एकजीव होण्याची परीक्षाच द्यावी लागते: मिसळायचं, थंड-गरम करायचं, आणि थर सुटत नाहीत ना ते पाहायचं. सिंथेटिक आणि मिनरलही एकमेकांत मिसळतात. बाजारातली बरीच सिंथेटिक ऑइलं तर कच्च्या खनिज तेलावरच मोठी प्रक्रिया करून बनलेली असतात. साध्या तेलाशी न जमणारी पॉलिग्लायकॉलची तेलं असतात, पण ती एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये वगैरे. गाडीच्या इंजिन ऑइलच्या बाटलीत ती तुम्हाला भेटणार नाहीत.

आता दाटपणा. इथे शाळेतली सरासरी चालत नाही. ताजं १०डब्ल्यू-६० साधारण २३ सेंटिस्टोक धरा, ५डब्ल्यू-३० साधारण ११.५. निम्मं-निम्मं केलं तर सरासरीने १७.२५ यायला हवेत, म्हणजे ग्रेड ५०. प्रत्यक्षात येतात १६ च्या आसपास, म्हणजे चाळिसाचा वरचा काठ. पातळ तेलाचा प्रभाव त्याच्या वाट्याहून थोडा जास्त पडतो. घट्ट बेसनात अर्धी वाटी पाणी पडल्यावर भज्यांचं काय होतं, ते ज्याने पाहिलंय त्याला हे पटेल.

पण प्रमाण लहान असेल तर? या इंजिनात ऑइल बसतं साडेपाच लिटर. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटर. साडेचार लिटर साठमध्ये एक लिटर तीस ओतलं तर मिश्रण येतं सुमारे २० वर. साठ गेलं, पन्नास आलं. तीसच्या जागी अर्धा लिटर चाळीस ओतलं, तर २२ च्या जेमतेम खाली, इयत्तेच्या सीमारेषेवर. जुन्या तेलाचा पातळपणा वेगळा, पण तो ओतायच्या आधीही होताच.

हे नुसतं कागदावरचं गणित आहे हेही सांगतो. १०० अंशांचा आकडा असा काढता येतो. थंड बाजूचा काढता येत नाही. तिथे तेलातलं मेण, ते गोठू नये म्हणून घातलेली रसायनं आणि पॉलिमर यांचा आपसात काय मेळ बसेल, ते प्रयोगशाळेत मोजल्याशिवाय कळत नाही. दोन ५डब्ल्यू मिसळले तर मिश्रण उणे ३० ची परीक्षा पास होईलच, अशी हमी कोणीही देत नाही. मुंबईत याचं काही अडत नाही. निफाडच्या द्राक्षवाल्यालाही नाही. म्युनिकच्या जानेवारीत अडू शकतं.

खरी गोम मसाल्यात आहे

बाटलीतलं सगळं तेल नसतं. त्यात काजळी तरंगती ठेवणारी, आम्ल मारणारी, फेस मोडणारी, गंज रोखणारी आणि धातू धातूला घासलाच तर मध्ये पडणारी रसायनं असतात. प्रत्येक कंपनीचा हा मसाला स्वतःचा. कोल्हापूरचा कांदा-लसूण मसाला चांगला, मालवणीही चांगला. दोन्ही एकाच रश्श्यात घातले म्हणून कोणी आजारी पडत नाही. फक्त ती चव कोणी आधी चाखून पाहिलेली नसते.

काही ठिकाणी हे चवीपुरतं राहत नाही. लहान टर्बो, थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनांत कमी फेऱ्यांवर जोर दिला की कधी कधी इंधन वेळेआधीच पेटतं, आणि तो धक्का पिस्टन फोडू शकतो. ऑइलमधलं कॅल्शियमचं साफ करणारं रसायन याला हातभार लावतं असं लक्षात आल्यावर तेलांची रेसिपी बदलली गेली, काही कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम आलं. २०१८ चं एपीआय एसएन प्लस आणि २०२० चं एसपी ही मानकं या दुखण्यासाठी आहेत. अशा इंजिनात फडताळातलं जुन्या मानकाचं तेल ओतलं, तर ग्रेड जुळूनही दुखणं परत येऊ शकतं. तेच धुराड्यातल्या फिल्टरचं: कमी राखेचं तेल मागणाऱ्या गाडीत जास्त राखेचं सारखं ओतत राहिलं की जाळी हळूहळू तुंबते.

म्हणून बाटली निवडताना मी ग्रेडच्या आधी मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचतो. गाडीच्या पुस्तकात जी मान्यता लिहिली आहे ती असेल, आणि ग्रेड एक पायरी इकडे-तिकडे असेल, तर मला ते चालतं. उलट असेल तर मी विचारात पडतो.

"मग दाट घातलेलंच बरं ना? सुरक्षित!"

हा आपल्याकडचा लाडका युक्तिवाद. "साहेब, आपल्याकडे केवढं ऊन! कंपनीचं ते वीस परदेशासाठी असतं." नागपूरला बाहेर ४५ अंश असलं तरी तापलेलं इंजिन तेलाला शंभराच्या आसपास ठेवायला बघतं, कूलंट आणि थर्मोस्टॅट त्यासाठीच आहेत. वीस-पंचवीस अंशांच्या बाहेरच्या फरकाने ग्रेड बदलावा लागत नाही. ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटलने अर्धा तास जाणं ही वेगळी गोष्ट. तिथे उष्णता आतून येते.

याचं चांगलं उदाहरण फोर्डच्या मस्टँगचं. ५ लिटरच्या त्याच व्ही८ कुटुंबातलं इंजिन साध्या मस्टँग जीटीत ५डब्ल्यू-२० वर चाले, आणि २०१२-१३ च्या ट्रॅकसाठी बनवलेल्या बॉस ३०२ मध्ये फोर्डने ५डब्ल्यू-५० सांगितलं. बीएमडब्ल्यूचंही बघा: उंच फेऱ्यांच्या एम इंजिनांना साठ देणाऱ्या कंपनीने पुढच्या टर्बो एम इंजिनांना साठ दिलं नाही. बॅज तोच, इंजिनाची गरज वेगळी.

दाट तेलाची किंमतही असते. थंड इंजिनात ते वरच्या कॅमपर्यंत उशिरा पोचतं. फिरवायला जास्त ताकद खातं आणि त्यातून स्वतःच तापतं. आजच्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ मागे-पुढे करणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावरच हलते. तेल भलतंच दाट झालं की ती अडखळते आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो. मग मालक सेन्सर बदलत बसतो.

"मी पस्तीस बनवतो"

काही हौशी मंडळी तीस आणि चाळीस निम्मं-निम्मं घालून मधलं काहीतरी तयार करतात. इंजिन यामुळे बसेल असं मी म्हणत नाही. बहुधा काहीच होणार नाही. पण चांगल्या दोन बाटल्या विकत घ्यायच्या आणि दोन्हींवरची परीक्षेची हमी स्वतःच्या हाताने पुसायची, यात मला हुशारी दिसत नाही. दाट हवं असेल तर दाट घ्या, पूर्ण बदला. शेवरलेने कॉर्व्हेटच्या सातव्या पिढीच्या पुस्तकात ट्रॅकसाठी १५डब्ल्यू-५० सांगितलं होतं, एरवी ५डब्ल्यू-३०. बदलायचं म्हणजे काढून दुसरं भरायचं.

आणि दुचाकीवाल्यांसाठी जाता जाता: बाइकमध्ये उरलेलं कारचं ऑइल ओतू नका, ग्रेड जुळला तरी. बाइकचा क्लच बहुतेक वेळा त्याच तेलात बुडालेला असतो आणि कारच्या तेलातली घसरवणारी रसायनं त्यालाही घसरवतात. बाटलीवर जासो एमए हे बाइकच्या तेलाचं जपानी मानक बघा.

तर त्याला मी काय सांगितलं?

काहीच न ओतणं हा पर्याय सगळ्यात वाईट. तेल कमी असलं की वळणावर ते चेंबरच्या एका कडेला जातं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. बेअरिंगला पन्नास मिळालं की साठ, हा वाद मग उरत नाही, कारण काहीच मिळालेलं नसतं. शिवाय तेल कमी म्हणजे तेवढंच तेल जास्त तापणार.

"चाळीसची बाटली घे. मागे बीएमडब्ल्यूची मान्यता लिहिलीय का वाच." त्याने मोबाइलच्या उजेडात वाचली, होती. "पंधरा मिनिटं झाली ना गाडी बंद करून? सपाटावर आहे? आता अर्धा लिटर ओत, थांब, परत बघ. वरच्या खुणेपर्यंत भरू नको." तेल जास्त झालं तरी क्रँक त्यात आपटून फेस करतो, हे त्याला माहीत होतं; घाईत माणूस विसरतो म्हणून सांगितलं. "आणि चार हजारांच्या वर न्यायची नाही. कोणी मागून दिवे मारले तर मारू देत."

"ऑटोबानवर एम३ घेऊन उजव्या लेनमध्ये जाऊ?"

"ट्रकच्या मागे जा."

घरी पोचल्याचा मेसेज आला तेव्हा इथे पहाटेचे चार वाजत आले होते. पुढच्या शनिवारी त्याने सगळं तेल काढलं, फिल्टर बदलला आणि नवीन साठ भरलं. झिजलेल्या बेअरिंगच्या धातूची चमक दिसतेय का म्हणून जुनं तेल पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून त्याचा फोटो पाठवला. काळं होतं, चमक नव्हती. उरलेलं अर्धा लिटर चाळीस गॅरेजच्या फळीवर पडून आहे. डिकीत आता १०डब्ल्यू-६० ची एक लिटरची सीलबंद बाटली असते, सांडू नये म्हणून लोणच्याच्या बरणीला बांधतात तसल्या फडक्यात गुंडाळलेली. फडकं मावशीचं.